उडी ऐकणारा माणूस

आमच्या भाऊजींचा मला पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीचा राग. हा माणूस चालताना आवाज करत नाही. ताईचं लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा घरी जेवायला आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून आईला त्यांच्या कानांची नक्कल करून दाखवत होते. कान मोठे आहेत हो त्यांचे, खोटं कशाला बोलू! तर मागून आवाज आला, "डावा जरा जास्त बाहेर आहे." वळून बघते तर स्वतः नवरदेव, हातात पाण्याचा रिकामा ग्लास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं कपाळाला हात लावला. भाऊजींनी शांतपणे ग्लास भरला, पाणी प्यायले आणि आले तसे निघून गेले, तेही आवाज न करता.

तेव्हापासून मी त्यांना बजावून ठेवलं होतं, "भाऊजी, माणसासारखे चाला, नाहीतर गळ्यात घंटा बांधीन." ते नुसते हसायचे. शाळेतल्या पोरी त्यांना मांजरसर म्हणायच्या ते काही उगाच नाही.

मुलींच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. नावाला व्हॉलीबॉल शिकवायचे, पण चेंडूशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. सगळा जीव उड्यांत. चेंडू हातानं मारतात हे खरं, पण हात वर न्यायला पायच लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पोरी उजाडताच मैदानावर आणि चेंडू कपाटात बंद. आधी दोरीच्या उड्या, मग बेडूकउड्या, मग एका पायावर लंगडत सगळं मैदान, आणि शेवटी खोकी. सुताराकडून त्यांनी लाकडी खोकी करून घेतली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकात एक बसतील अशी. जमिनीवरून खोक्यावर उडी, खोक्यावरून खाली, आणि पाय टेकले रे टेकले की पुन्हा वर. त्यांच्या बुटक्या बुटक्या पोरी दुसऱ्या शाळांच्या ताडमाड पोरींच्या डोक्यावरून चेंडू हाणायच्या. लोक विचारायचे, सर, यांना खायला तरी काय घालता?

खरी गंमत पुढेच आहे. पोरी उड्या मारत असताना भाऊजी त्यांच्याकडे बघायचेच नाहीत. भिंतीकडे तोंड, हात मागे, डोळे मिटलेले. नुसतं "हं" म्हणायचे. "हं" म्हटलं की पोरीनं उडी मारायची, आणि ती खाली आली की हे पाठमोरेच सांगायचे, "डावा पाय आधी टेकला." "टाच आपटलीस." "गुडघा ताठ ठेवलास, वाकव." मी एकदा मुद्दाम जाऊन बघितलं, म्हटलं काहीतरी बनवाबनवी असेल. छे! एकही चूक नाही.

"उडी कुणीही मारतं गं," मला म्हणाले. "उतरणं शिकावं लागतं. पायात ताकद नसेल तर माणूस पोत्यासारखा पडतो. ताकद असली की आवाज येत नाही."

"मग बघितलं तर काय बिघडतं?"

"डोळ्यांना दया येते. घामेजलेला चेहरा बघितला की पुरे म्हणावंसं वाटतं. कानाला दया येत नाही."

तेव्हा मला ते फार हुशारीचं बोलणं वाटलं होतं. आता नाही वाटत.

माझी ताई म्हणजे अगदी दुसरं टोक. धपाधप चालणार, भांडी आदळणार, हसली की तीन घरं ऐकणार. मूलबाळ काही झालं नाही त्यांना, पण ताईच्या घरात कधी शांतता म्हणून नव्हती. बटणं, दोरे, लेस विकणाऱ्या एका दुकानात ती काम करायची. दिवसभर काउंटरमागे उभी, गिऱ्हाइकाच्या हातातलं कापड बघून "याला हे नाही शोभणार" असं तोंडावर सांगायची, आणि तरी गिऱ्हाईक तिलाच शोधत यायचं. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, आणि खालच्या मजल्यावर एक एकटे राहणारे चिडके काका. ताई जरा जास्त धपाधप चालली की काका खालून झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायचे. मग ताई वरून टाचेनं उत्तर द्यायची. हे असं वर्षानुवर्षं. जिन्यात भेटले की मात्र दोघं गोडीगुलाबीनं बोलायचे.

माझं स्वतःचं बायकांचे केस कापायचं दुकान आहे. ते सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी मी सकाळीच ताईकडे जायचे. अशाच एका सोमवारी तिच्या दारात चपला काढताना मला दिसलं, की ताईच्या डाव्या चपलेचा पुढचा भाग घासून पार पातळ झालाय. उजवी नवीकोरी. मी म्हटलं, "ताई, एका पायानं चालतेस की काय?"

"अगं, अडखळायला होतं हल्ली," ती म्हणाली. "पाऊल उचललंच जात नाही नीट. परवा दुकानाच्या पायरीवर आपटले."

गल्लीतल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. आणि भाऊजी? ज्याच्या हातात हातोडी, त्याला सगळीकडे खिळेच दिसतात. त्यांनी एका झटक्यात निकाल लावला. "पायात ताकदच नाही, दुसरं काय! जन्मात कधी व्यायाम केलाय का? उद्यापासून सुरू."

दुसऱ्या दिवसापासून खरंच सुरू. शाळेतलं सगळ्यात लहान खोकं, अगदी पाटाएवढं, घरी आलं. सकाळच्या वेळी भाऊजींनी पोरींना त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलीच्या हवाली केलं आणि स्वतः घरी थांबायला लागले. हे मला फोनवर सांगताना ताईचा आवाज असा काही फुलला होता, की मला वाटलं कुठं सहलीला वगैरे चाललेत दोघं.

पहिल्या सोमवारी मी बघायला गेले ती हसायच्याच तयारीनं. ताई खिडकीपाशी उभी, केस वर बांधलेले, चेहरा लालबुंद. भाऊजी समोर.

"अहो, असं टक लावून बघू नका ना! लाज वाटते मला. तिकडे तोंड करा."

भाऊजी सवयीनं वळले. भिंतीकडे तोंड, हात मागे, डोळे मिटलेले. "हं."

ताईनं एवढीशी उडी मारली आणि धप्पकन खोक्यावर आली. खालून लगेच झाडूचा दांडा ठक ठक ठक. मी पदर तोंडात कोंबला. "डावा उशिरा येतोय," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "पुन्हा. हं." धप्प. ठक ठक. शेवटी ताई हसून हसून खाली बसली, मी बसले, आणि भाऊजीसुद्धा भिंतीला कपाळ टेकून हसायला लागले. तसं हसताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

मग काही सोमवार माझं जाणं झालं नाही. दुकानात गर्दी, एका मुलीनं काम सोडलेलं, माझेच नाकी नऊ आलेले. फोनवर भाऊजींचा उत्साह नुसता उतू जात होता. "तुझी ताई काय सुधारलीय म्हणून सांगू! दोन्ही पाय एकदम टेकायला लागले. आणि आवाज? कमी कमी होत चाललाय. काकांचा झाडूसुद्धा बंद झाला, आता बोल!"

मला बरं वाटलं. का वाटू नये? पायाचं काम त्यांचं, केसांचं माझं.

पुढच्या सोमवारी मी गेले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून "हं" ऐकू आलं. मी आत डोकावले आणि तिथेच थिजले.

भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे. खोकं कोपऱ्यात सरकवलेलं. आणि ताई खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. "हं" झालं की ती कशाबशा टाचा उचलायची, एवढ्याशा, बोटभरही नाही, आणि हळूच खाली टेकवायची. उडी कसली आणि काय कसली! पावलं जमीन सोडतच नव्हती.

"वा!" भिंतीला सांगितल्यासारखे भाऊजी म्हणाले. "दोन्ही पाय एकदम. अलगद. शाब्बास!"

ताईचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं एक हात गजावरून काढून ओठांवर बोट ठेवलं, आणि तेवढ्यानंच तिचा तोल गेला. तिनं पुन्हा घाईघाईनं गज धरला.

भाऊजी शाळेत गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात धरलं. स्टुलावर बसून ती भाजी चिरत होती. आधी कधी बसून भाजी चिरली नव्हती तिनं. दुकानातसुद्धा मालकिणीकडून स्टूल मागून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

"हे काय नाटक चालवलंयस तू? उडी मारता येत नाही, तर सांगत का नाहीस त्यांना?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! पाय उचलत नाहीये तुझा, आणि तो माणूस तिकडे शाब्बास शाब्बास करतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऊठ, मोठ्या दवाखान्यात जाऊ."

ताईनं सुरी बाजूला ठेवली. "चिमे," ती म्हणाली. मला तसं आता तीच म्हणायची. "लग्नाला इतकी वर्षं झाली. सकाळच्या उजेडात यांचं तोंड बघितलंय का मी कधी? मी उठायच्या आत मैदानावर. आल्यावर बोलणं कुणाचं, तर अमकीचा गुडघा नि तमकीची टाच. मला वाईट नाही वाटलं गं, त्यांच्या पोरीच आहेत त्या. पण आता माझ्यासाठी थांबतात. माझ्या पायांचा आवाज ऐकतात. जे आवाज करते म्हणून सगळे मला बोलायचे, तेच कान देऊन ऐकतात. आणि शाब्बास म्हणतात. मला आयुष्यात कुणी शाब्बास म्हटलंय का?"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी कांद्यावर ढकललं. कांदा तर तिनं चिरलाच नव्हता.

"दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "पण त्यांना मी सांगीन. माझं मी. झाकली मूठ अजून थोडे दिवस झाकलेली राहू दे."

"पुढच्या सोमवारपर्यंत," मी म्हटलं. "नाही सांगितलंस तर मी सांगते. मग मला बोल लावायचा नाही."

पुढचा सोमवार आला. मी उजाडताच पोचले. ताईकडे बघितलं, तिनं मान हलवली, म्हणजे अजून सांगितलेलं नाही. मी डोळे वटारले. तिनं डोळ्यांनीच विनवलं, आजचं होऊ दे. मी चहा टाकायला आत गेले, पण कान बाहेरच होते.

"हं," भाऊजी म्हणाले.

काहीच ऐकू आलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात आले. भाऊजींनी मान वर केली होती, डोळे मिटलेलेच. "पुन्हा. हं."

काही नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची चेन कुरकुरत होती, तेवढाच आवाज.

आणि त्या माणसाचा चेहरा उजळला हो! मी कडेनं बघत होते. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर स्पर्धा जिंकल्यावरसुद्धा बघितला नव्हता. "अगं, आवाजच नाही!" ते म्हणाले. "मांजर उतरत नाही असं! इतक्या पोरी शिकवल्या, एकीला जमलं नाही, आणि तू…" आणि दोन्ही हात पसरून ते वळले.

ताई गजांवर कपाळ टेकून उभी होती. दोन्ही पावलं जमिनीला चिकटल्यासारखी सपाट. गुडघे लटलट कापत होते. ती रडत होती, तोंड घट्ट मिटून, आवाज न करता.

भाऊजींचे हात तसेच पसरलेले राहिले. मग ते तिच्या पायांपाशी खाली बसले आणि दोन्ही तळव्यांत त्यांनी तिचा डावा घोटा धरला, पोरींचा मुरगळलेला पाय धरतात तसा. "हं," ते म्हणाले, अगदी हळू. त्यांच्या हातात काहीही हललं नाही. मग उजवा घोटा. "हं." त्यांनी वर तिच्या तोंडाकडे बघितलं.

"कधीपासून?"

ताईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही शाब्बास म्हणायला लागलात ना," ती म्हणाली, "तेव्हापासून."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायलाही हलले नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. पायात ताकद नव्हती ते खरं, पण पायांचा त्यात दोष नव्हता. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसाच हळूहळू मरत होत्या. आधी पाय, मग हात, मग बोलणं, मग श्वास. त्याला औषध नाही. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "मी उड्या मारायला लावल्या, त्यानं वाढलं का?" बाई म्हणाल्या, तसं म्हणता येणार नाही, आधी आला असतात तरी आजार थांबला नसता. भाऊजींनी मान हलवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी मीच चिडून म्हटलं, "भाऊजी, बाईंनी सांगितलंय ना एकदा! पालथ्या घड्यावर पाणी!" तर म्हणाले, "ती बरी आहे म्हणून मी माझ्या कानानं ऐकलं होतं गं." माझा राग तिथेच विरून गेला.

शाळेतून त्यांनी लांबलचक रजा घेतली. ताईची चाकांची खुर्ची आली. मी केस धुवायला, कापायला जायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्या घरात पाय टाकायला जीव नको म्हणायचा. घर केवढं शांत झालं होतं! भांडी नाहीत, हसणं नाही, धपाधप नाही. आणि भाऊजी तर काय, मांजर.

ताईची मान वळेनाशी झाली तेव्हा नवाच त्रास सुरू झाला. ती खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची, भाऊजी मागून यायचे, आणि ते एकदम पुढ्यात दिसले की ती दचकायची. सगळं अंग हलत नव्हतं, पण दचकणं मात्र शिल्लक होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. एकदा मी केस विंचरत असताना ती असंच दचकली आणि रडायला लागली. तोवर शब्द जड झाले होते, एकेक ओढून आणावा लागायचा.

"कुठे असता… कळत नाही मला," ती त्यांना म्हणाली. "घरात आहात… की गेलात. आवाज… करा ना."

आता बघा, ज्या माणसानं जन्मभर पोरींना आवाज करू नका म्हणून शिकवलं, त्याला आवाज करायला सांगायचं. त्यांना येईचना! आधी पाय आपटून बघितले, तर चार पावलं बरी, पाचव्याला पुन्हा मांजर. पाय ऐकत नव्हते त्यांचं. मी म्हटलं, "भाऊजी, मी मागेच म्हटलं होतं, गळ्यात घंटा बांधते." त्यावर ताई हसली. तोंड फारसं हललं नाही, पण डोळ्यांत हसली, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. जन्मभर कापडी बूट घातलेल्या माणसानं कातडी बूट विकत घेतले आणि चांभाराकडून टाचांना लोखंडी नाल ठोकून घेतली. घरात पहिली चक्कर मारली तेव्हा टक् टक् टक् असा आवाज झाला की भिंतीवरची पाल पळाली. ताईनं डोळे मिटून घेतले. भाऊजी स्वयंपाकघरात गेले, टक् टक्. मोरीत गेले, टक् टक्. गॅलरीत गेले आणि परत आले. ताई डोळे मिटून नुसती ऐकत होती. त्यानंतर ती दचकली नाही.

त्या संध्याकाळी खालचे काका वर आले. झाडू घेऊनच आले, भांडायला. दार मी उघडलं. त्यांनी आत बघितलं: खुर्चीत ताई, तिच्या हनुवटीखाली टॉवेल, आणि घरातल्या घरात बूट घालून उभे असलेले भाऊजी. काका तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "नाही, म्हटलं झाडू मारून देऊ का जिना," आणि खरोखर खाली जाईपर्यंत जिना झाडत गेले. पुन्हा त्यांनी छताला कधी ठोकलं नाही.

ताईचं बोलणं गेलं, मग गिळणं गेलं. भाऊजींनी तिचं सगळं केलं, मी डोळ्यांनी बघितलंय. तिला उचलताना ते गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलायचे आणि इतकं अलगद ठेवायचे की पलंग कुरकुरायचा नाही. जन्मभराची ताकद कशासाठी कमावली होती ते तेव्हा कळलं, असं ते मला एकदा म्हणाले. मी म्हटलं, असलं बोलू नका. पण खरं तेच होतं. रात्रंदिवस पायात ते बूट. पायाला फोड आले, टाचा दुखायच्या, गुडघे सुजले. बूट काढून झोपा म्हटलं तर म्हणायचे, तिला जाग आली आणि मी पाण्याला उठलो असलो तर?

ताई गेली ती दुपारी. मी दुकानात होते. फोन आला तेव्हा भाऊजी एवढंच म्हणाले, "ये." मी हातातली कात्री तशीच घेऊन निघाले.

लोक काय, चार दिवस येतात, सल्ले देतात. "आता कामात मन रमवा," "आता घर बदला." मला एकेकाच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. एक नातेवाईक बाई तर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अगं, ते घरात बूट घालून का फिरतात? जरा सांग, बरं नाही दिसत." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. नाही सांगितलं त्यांनी.

भाऊजी पुन्हा शाळेत जायला लागले. मैदानावर जाताना आपले जुने कापडी बूट. पोरींनी उत्साहानं खोकी मांडली आणि सर पाठ फिरवतील म्हणून थांबल्या. सर वळले नाहीत. एकीनं विचारलं, "सर, भिंतीकडे नाही बघणार?" ते म्हणाले, "नको. मला बघू दे." आणि मग, त्या पोरीनंच मला सांगितलं, पहिलीच मुलगी जरा दमलेली दिसली तर म्हणाले, पुरे आज तुझं, बस.

माझा सोमवारचा नेम मी मोडला नाही. परवाही गेले. ताईची खुर्ची दवाखान्याला देऊन टाकलीय, पण खिडकीपाशी तिची जागा तशीच मोकळी ठेवलीय. मी त्या जागेशेजारी जमिनीवरच बसले, रस्त्याकडे तोंड करून. भाऊजी चहा करायला आत गेले. टक् टक् टक्. कपाट उघडलं, टक् टक्, भांडं ठेवलं. इतका आवाज, इतका आवाज त्या रिकाम्या घरात, की मला ऐकवेना.

चहा घेऊन ते बाहेर आले. मी मागे न बघताच म्हटलं, "भाऊजी, काढा हो ते बूट आता. पायांची काय दशा झालीय बघा. आता हळू चाललात तरी चालेल."

ते माझ्या मागे थांबले. 

"नको गं," ते म्हणाले. "हळू आलो की ती दचकते."

 त्यांनी माझ्यापुढे एक कप ठेवला, खिडकीपाशी ताईच्या जागी एक कप ठेवला, आणि तिसरा आणायला पुन्हा आत गेले. मी डोळे मिटून ऐकत राहिले, ते कुठवर गेले ते.